त्या दिवशी मी स्वच्छ होतो

मी एक जुना आरसा आहे, मित्रांनो. तोंड बघायचा किंवा भांग पाडायचा नव्हे. रस्त्याच्या वळणावर खांबाला टांगलेला, पोट पुढे आलेला, नारिंगी किनारीचा आरसा. आधीच सांगून ठेवतो, माझ्यावर एक आळ आहे. मुळशी तालुक्यात, मुठा खोऱ्यात, करवंदीचं वळण म्हणून एक जागा आहे. तिथे गेल्या माघात अपघात झाला आणि तो माझ्यामुळे झाला, असं कागदावर लिहिलं गेलं. आरसा मळका होता, त्यात काही दिसत नव्हतं, असं त्या कागदात आहे. खाली सह्या आहेत आणि एक अंगठाही आहे. तो अंगठा कुणाचा हे ऐकाल, तेव्हा तुमचाही जीव तुटेल. म्हणून पहिल्यापासून सांगतो. न्याय तुम्हीच करा.

माझा जन्म भोसरीतल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. एक जाड, चकचकीत पत्रा भट्टीत तापवला, मऊ झाल्यावर साच्यावर दाबला, आणि त्याला परातीसारखं पोट आलं. माणसांत पोट सुटलं की लोक हसतात. आम्हा आरशांत तोच गुण. सपाट आरशाला समोरचं तेवढं दिसतं, मला कोपऱ्यामागचंही दिसतं. मला तपासणाऱ्या बाईंनी माझ्यावरून हात फिरवला आणि शेजारणीला म्हणाल्या, "हा लांबचं बघेल." ती माझी पहिली शाबासकी होती. मी तेव्हा फुशारलो होतो, हे कबूल करतो.

करवंदीच्या वळणावर मला आणलं ते एकनाथने. एकनाथ म्हणजे शाळेच्या पिवळ्या गाडीचा चालक. खोऱ्यातल्या अकरा मुलांना तो रोज सकाळी पिरंगुटच्या शाळेत न्यायचा आणि दुपारी परत आणायचा. वळणावर डोंगराचा एक खांदा असा पुढे आला आहे की पलीकडून हत्ती आला तरी अलीकडे पत्ता लागत नाही. त्या वर्षी दुधाच्या किटल्या घेऊन निघालेला एक जण तिथे टेम्पोवर आदळला आणि जन्माचा लंगडा झाला. त्यानंतर एकनाथने ग्रामपंचायतीचे उंबरठे झिजवले. पंचायतीचे सदस्य विश्रामभाऊ म्हणाले, "आदी गटाराचं बघू, मग आरशाचं." त्यावर एकनाथ म्हणाला, "गटारात पडून कोन मरत न्हाई, विश्रामभाऊ. हितं मरत्यात."

शेवटी मंजुरी मिळाली. खड्डा एकनाथने स्वतः खणला. मला खांबावर चढवल्यावर त्याने आपल्या मित्राला, नथूला, मोटारसायकलवरून वळणाला सात फेऱ्या मारायला लावल्या. "आता दिसतोस. आता न्हाई दिसत. थांब, जरा डावीकडं करतो." नथू वैतागला, पण एकनाथ ऐकेना. कोन मनासारखा जमला तेव्हा कुठे त्याने पाना खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी त्याने गाडी माझ्यासमोर उभी केली आणि सगळ्या मुलांना खाली उतरवलं.

"हे बघा रं," तो म्हणाला, "वळनाच्या पल्याडचं सगळं ह्यात दिसतं. गाडी चालवनाऱ्यानं आदी ह्याच्याकडं बघायचं, मग फुडं जायचं. ह्यो सांगल ते खरं."

ह्यो सांगल ते खरं! मित्रांनो, यापेक्षा मोठा मान एका आरशाला कोण देणार? मी एकनाथचा झालो तो त्या दिवसापासून.

माझ्या खांबासमोर, रस्त्याच्या पलीकडे, एक बैठं घर आहे. ते तुळजाबाईचं. नथू तिचा मुलगा आणि सहावीत शिकणारी वैष्णवी ही तिची नात. वैष्णवी एकनाथच्याच गाडीने शाळेत जायची. वरच्या अंगाला शहरातल्या लोकांच्या बंगल्यांची कामं चालू आहेत, त्यामुळे डंपरांची ये-जा फार. एक डंपर गेला की माझ्या अंगावर धुळीचा थर बसायचा. तुळजाबाईने एका लांब बांबूच्या टोकाला जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा बांधला होता. सकाळी गाडी यायच्या आधी आणि दुपारी गाडी परतायच्या आधी, असं दिवसातून दोनदा ती रस्ता ओलांडून यायची आणि मला पुसायची. पंचायतीने तिला सांगितलं नव्हतं. कुणीच सांगितलं नव्हतं.

"बघ बाबा नीट," ती मला म्हणायची. "माजी वैशी हाय त्या गाडीत."

ताप असला तरी ती यायची. श्रावणात माझ्यावर सतत बाष्प धरायचं, तेव्हा तर चारचारदा यायची. लोक तिची चेष्टा करत. विश्रामभाऊ म्हणत, "काकी, देवघरातली भांडी कदी घासती का न्हाई?" ती म्हणे, "देव कुटं वळनावर हुबा हाय? ह्यो हाय." आई म्हणजे काय हे मला ठाऊक नाही, पण असंच काहीतरी असावं.

माझे कामाचे दिवस मजेचे होते. जाता-येता पोरं माझ्यात बघून केस सारखे करत आणि माझ्या पोटामुळे आपलं नाक भोपळ्याएवढं बघून खजील होत. एक वानर तर आठवडाभर रोज येऊन माझ्यातल्या वानराला दात दाखवायचं. मी किती अपघात टाळले त्याचा हिशेब कुणी ठेवला नाही, कारण न झालेल्या अपघाताचा पंचनामा होत नसतो. आडवी गाय, उलट्या अंगाने आलेली पर्यटकांची बस, तोल गेलेला सायकलवाला, सगळे मी वेळेवर दाखवले. आणि एकनाथ कधी चुकला नाही. वळणापाशी आला की पाय ब्रेकवर, मान वर, नजर माझ्यात. मग भोंगा वाजवायचा आणि पुढे निघायचा.

मला भीती होती ती शनिवार-रविवारची. हिंजवडी आणि बाणेरकडून गाड्यांची रांग लागायची. कुणाच्या खिडकीतून पाय बाहेर, कुणाच्या हातात बाटली. एकदा एकाने गंमत म्हणून माझ्यावर बाटली फेकली, तिची चीर अजून माझ्या कडेला आहे. एका रविवारी सूसच्या कुठल्याशा सोसायटीतला एक साहेब गाडी नागमोडी चालवत आला आणि माझ्या खांबाला टेकून थांबला. एकनाथ समोरच होता. त्याने दार उघडून किल्ली काढून घेतली.

"मालक, मी ठीक आहे," साहेब अडखळत म्हणाला.

"तुमी ठीक असाल, रस्ता ठीक न्हाई," एकनाथ म्हणाला. "हितनं माजी पोरं जात्यात. नशा उतरल्यावर किल्ली न्या. आता झोपा तितं झाडाखाली."

साहेब खरंच झोपला. तुळजाबाईने त्याला उशाला गोणपाट दिलं आणि वर ताकही पाजलं. त्या दिवशी एकनाथचा मला केवढा अभिमान वाटला! त्याला सुपारीच्या खांडाचंही व्यसन नव्हतं. दारूच्या वासाने तो चार हात लांब पळायचा. सगळा गाव म्हणायचा, एकनाथच्या गाडीत पोर बसवलं की घोर नाही. गावाचं गणित सोपं होतं: प्यालेला तो धोका, न प्यालेला तो देव. मीही तेच गणित शिकलो, आणि तिथेच फसलो.

कारण आता आठवतं, तसं मला सगळं दिसत होतं. आधी फोन वाजला की एकनाथ गाडी माझ्या खांबाखाली उभी करून बोलायचा. मग कधीतरी तो फोन खांद्याने कानाशी दाबून बोलत बोलत वळण घेऊ लागला. पुढे नुसती एक नजर. वाजला की खाली बघायचं, कोण आहे ते पाहायचं आणि परत वर. एवढ्याने काय होतंय, असं त्याला वाटलं, आणि खरं सांगतो, मलाही तसंच वाटलं. परक्या गाडीवाल्याने असं केलं असतं तर मी मनातल्या मनात शिव्या घातल्या असत्या. पण हा घरचा माणूस. घरच्याला आपण सूट देतो आणि कुंपण शेत खायला लागलं तरी आपल्याला दिसत नाही.

आता नथूच्या बैलाबद्दल सांगायला हवं, कारण त्याच्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही. नथूने पाखऱ्या नावाचा एक गोऱ्हा पोसला होता. नथू आणि एकनाथने त्याला मिळून तयार केला. दूध, अंडी, उडदाचं पीठ, रोज पोहणी. शर्यतीचा बैल म्हणजे आमच्याकडे एका घराचा नसतो, अख्ख्या गावाचा असतो. तुम्हाला माहीत असेल, घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, बैल पळतात त्याला बारी म्हणतात, आणि बारी सेकंदावर मोजतात. अर्ध्या सेकंदाने हरलेल्या बारीचं दुःख गाव वर्षभर उगाळतं. माघातल्या यात्रेला मावळातल्या एका घाटात पाखऱ्या पळणार होता. पहाटेच टेम्पो भरून बापई माणसं गेली. गुडघा दुखतो म्हणून विश्रामभाऊ मागे राहिले, आणि शाळा होती म्हणून एकनाथ. त्याचा जीव घाटात अडकला होता, पण पोरांना वाऱ्यावर सोडून जाणारा तो माणूस नव्हता. हे त्याच्या बाजूने सांगितलंच पाहिजे.

दुपारी चारच्या सुमाराला दोन डंपर गेले आणि मी धुळीने माखलो. थोड्या वेळाने तुळजाबाई बांबू घेऊन रस्ता ओलांडून आली. तिने मला नेहमीपेक्षा जास्त निगुतीने पुसलं. कापड दोनदा झटकलं, किनारही पुसली. मग दोन पावलं मागे सरून म्हणाली, "झाला बघ लख्ख." आणि बांबू खांद्यावर टाकून घराकडे जायला वळली. तिची पाठ वळणाकडे होती आणि कानाने तिला कमी ऐकू येत होतं.

त्याच वेळी माझ्या दुसऱ्या कडेला पिवळी गाडी उमटली.

मित्रांनो, माझ्या एका कडेला तुळजाबाई होती आणि दुसऱ्या कडेला एकनाथ. दोघंही मला स्पष्ट दिसत होते, म्हणजेच दोघंही माझ्यात स्पष्ट होते. त्याने फक्त मान वर करायची होती. आदी ह्याच्याकडं बघायचं, हे त्याचेच शब्द. पण त्या दिवशी पाय ब्रेकवर आला नाही आणि भोंगाही वाजला नाही. गाडीच्या काचेतून मला आत दिसलं. पुढच्या जागेवर वैष्णवी बसली होती. तिने दोन्ही हातांनी फोन एकनाथसमोर धरला होता आणि त्यातून घाटातला कर्णा ओरडत होता. मागाहून कळलं, नथूनेच घाटातून फोन करून सांगितलं होतं, "फायनलला आपली बारी लागलीया, लाईव्ह बघ!" आणि एकनाथ वैष्णवीला म्हणाला होता, "धर गं जरा, तुज्या बापाचा बैल हाय." तो फोनकडे बघत होता. तोंडभर हसत होता.

सगळं मिळून दोन सेकंदं. अर्ध्या सेकंदासाठी वर्षभर हळहळणाऱ्या माणसांना दोन सेकंदं म्हणजे किती, हे मी काय सांगावं!

आवाज फार मोठा झाला नाही. बांबू उडून कडेला पडला. गाडी तुळजाबाईला धडकून गटारात जाऊन तिरकी अडकली. एका मुलाचा ओठ फुटला, दोघींची डोकी आपटली, सगळी किंचाळू लागली. फोन रस्त्यावर येऊन पडला होता आणि तो काही केल्या थांबत नव्हता. पाखऱ्या पहिला आला होता. घाटातली माणसं बेभान होऊन ओरडत होती आणि इथे तुळजाबाई डांबरावर निपचित पडली होती.

एकनाथ धावला. "काकी! काकी, बोल की!" तिचं डोकं मांडीवर घेऊन तो लहान पोरासारखा रडला. मुलांतल्या एकीने पाण्याची बाटली आणली. तुळजाबाईने डोळे उघडले तेव्हा एकनाथने तिचे पाय धरले. त्याचं ते रडणं खोटं नव्हतं, आणि म्हणूनच पुढचं मला जास्त लागलं.

रुग्णवाहिका तुळजाबाईला घेऊन गेली. शेजारच्या बायका मुलांना घरी घेऊन गेल्या. वैष्णवी जायला तयार नव्हती. "मीच फोन धरला व्हता, मीच धरला व्हता," एवढंच ती म्हणत होती. तिला दोघींनी उचलूनच नेलं. पोलीस यायला अजून वेळ होता. रस्त्यावर एकनाथ आणि बातमी ऐकून आलेले विश्रामभाऊ असे दोघेच उरले.

विश्रामभाऊंनी आधी गाडी पाहिली, मग मला पाहिलं. "एकनाथ," ते हळू आवाजात म्हणाले, "फोनचं नाव काढलंस तर तू आत जाशील. गाडी जाईल. पोरांना शाळंत कोन नील? आनि फोन नथ्यानं केल्ता, त्याच्या आईला त्यानंच मारली म्हनत्याल. आज गावाचा बैल पयला आलाय. आजच्या दिशी गावाला काळिमा नको."

"मग काय सांगू?" एकनाथने विचारलं.

विश्रामभाऊंनी माझ्याकडे बोट केलं. "आरसा मळका व्हता म्हन. दिसलं न्हाई म्हन. त्याला काय तोंड हाय व्हय बोलायला?"

मला वाटलं, एकनाथ त्यांच्या अंगावर जाईल. दारूड्याची किल्ली काढून घेणारा हा माणूस. मी त्याच्याकडे डोळे लावून बसलो. तो माझ्या खांबापर्यंत चालत आला. मग खाली वाकला आणि तुळजाबाईचा बांबू उचलला. तोच बांबू आणि तिच्या लुगड्याचा तोच तुकडा. गटारातल्या चिखलात त्याने तो बुडवला आणि माझ्या तोंडावरून फिरवला. एकदा, दोनदा, तीनदा. कुठला कोपरा राहिला का हेही त्याने पाहिलं. कोन लावताना जसं निरखून पाहिलं होतं, अगदी तसं.

केसाने गळा कापणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. बाटली फेकणाऱ्याने मला चीर पाडली होती, पण तो परका होता.

पोलीस आले. त्यांनी जे दिसलं त्याचे फोटो काढले. मळक्या आरशाचा फोटो मळकाच येणार. एकनाथने मान खाली घालून सांगितलं, "आरशात काय दिसलंच न्हाई, साहेब." विश्रामभाऊंनी सही केली. पण पोलीसही दुधखुळे नव्हते. त्यांनी विचारलं, "हा आरसा पुसायचं काम कुणाचं?" उत्तर सगळ्या खोऱ्याला ठाऊक होतं. दोन दिवसांनी ते इस्पितळात तुळजाबाईचा जबाब घ्यायला गेले. मला धीर आला. ती खरं सांगणार. हातच्या कांकणाला आरसा कशाला? जिने पुसलं, तिच्याहून मोठा साक्षीदार कोण?

तिच्या जबाबाचं मला नंतर कळलं. माघातलं दहिवर खोऱ्यात असं पडतं की सकाळी पागोळ्या गळतात. तीन रात्रींत माझ्या तोंडावरचा चिखल ओघळून गेला आणि मी पुन्हा चमकू लागलो. विश्रामभाऊंनी येऊन मला निरखून पाहिलं. पोलीस परत आले आणि आरसा स्वच्छ दिसला तर? त्या दिवशीच मला खांबावरून उतरवलं आणि नथूच्या गोठ्यात नेऊन दावणीला टेकवून ठेवलं. नथूच्या कानशिलावर अजून मिरवणुकीतला गुलाल होता. इस्पितळाच्या धावपळीत त्याला तो धुवायचंही सुचलं नव्हतं.

"आईनं काय सांगितलं?" विश्रामभाऊंनी विचारलं.

नथू माझ्याकडे न बघता म्हणाला, "चार दिस आरसा पुसलाच नव्हता, म्हनाली. माजीच चूक हाय, म्हनाली. आनि अंगठा दिला."

तर तो अंगठा तुळजाबाईचा, मित्रांनो. एकनाथला वाचवायला, नथूला वाचवायला, गावाची लाज झाकायला तिने माझा बळी दिला. वर स्वतःवरही दोष घेतला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, तसं झालं. मी तिच्यावर रागावलो का? हो, रागावलो. फार रागावलो. जिने मला दिवसातून दोनदा पुसलं, तिनेच मला मळका म्हणावं!

गावाचं सगळं सुरळीत झालं. एकनाथची गाडी दुरुस्त होऊन आठवड्यात रस्त्यावर आली. वळणावर मात्र नुसता खांब उभा होता. गाडीत आता दहाच मुलं होती, कारण वैष्णवी त्या गाडीत बसेना. सकाळी दीड मैल चालत फाट्यावर जायची आणि एसटी पकडायची. नथू रागावला, समजावून थकला. एक दिवस एकनाथ स्वतः घरी आला. मी गोठ्यात होतो, मला सगळं ऐकू येत होतं.

"वैष्णवी, चल की गं गाडीत. उन्हाचं चालतीस."

"तुमी आदी खरं सांगा, काका."

"चूक झाली बाळा. पन आता कागद झालाय. गावाची गोष्ट हाय ती."

"मग मी चालती," ती म्हणाली आणि दप्तर उचलून निघाली.

एकनाथ तसाच गोठ्याशी रेंगाळला. दारातून त्याने आत पाहिलं. त्याचं तोंड माझ्यात उमटलं, डोळे खोल गेलेले, दाढी वाढलेली. क्षणभर वाटलं, हा मला उचलेल. तो आत आला, दोन्ही हातांनी मला धरलं, आणि माझं तोंड भिंतीकडे करून निघून गेला.

चैत्र लागता लागता तुळजाबाई घरी आली. खुब्यात सळई घातलेली, चालायला चार पायांची काठी. पहिल्याच दुपारी ती पाय ओढत गोठ्यात आली. तिने मला फिरवून सरळ केलं. समोरच्या पेंढीवर बसली आणि माझ्यात बघू लागली.

"मी खोटं बोलले रं," ती म्हणाली. "तू लख्ख व्हतास. काय करू, पोटचं पोर आनि पोटच्यासारखं पोर, दोगंबी अडकत व्हती." आणि तिने पदराने मला पुसलं.

माझा राग तिथेच विरघळायला हवा होता, नाही? पण नाही विरघळला. चिखल फासला चारचौघांत, कागदावर. आणि माफी मागितली गोठ्यात, बैलासमोर. अशा माफीने वळणाला डोळा थोडाच फुटतो? दारात वैष्णवी उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती एवढंच म्हणाली, "आज्जे, हे त्याला काय सांगतीस? त्याला ठावं हाय."

तुळजाबाईने संध्याकाळी नथूला सांगितलं, "आरसा परत लाव." नथू म्हणाला, "कसा लावू, आई? मळका, निकामी म्हनून काढलाय. लख्ख आरसा टांगला तर लोक इचारत्याल, मंग तवा मळका कसा व्हता? तुजा अंगठा खोटा ठरंल." म्हणजे बघा, एक खोटं उभं राहावं म्हणून मी गोठ्यात पडून राहायचं, आणि मी गोठ्यात पडून राहावं म्हणून दहा पोरांनी आंधळ्या वळणावरून जायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुळजाबाईने वैष्णवीकडून प्लास्टिकची खुर्ची वळणावर ठेवून घेतली आणि माझ्या रिकाम्या खांबाखाली जाऊन बसली. तिथून तिला दोन्हीकडचा रस्ता दिसतो. पलीकडून काही आलं की ती हात वर करायची. नथू, विश्रामभाऊ, शेजारपाजार, सगळे समजावून दमले. ती म्हणाली, "आरसा न्हाई ना? मग मी बसते." उन्हात, मोडका खुबा घेऊन ती रोज दोन वेळा तिथे बसू लागली. गावाला मान वर करून त्या वळणावरून जाता येईना.

पाचव्या दिवशी पिवळी गाडी आली तेव्हा तिने हात वर केला. पलीकडून काहीच येत नव्हतं. एकनाथने ब्रेक मारला. गोठा रस्त्याला लागूनच आहे, मला शब्दन् शब्द ऐकू आला.

"एकनाथ, त्या दिशी आरसा मीच पुसला व्हता. लख्ख व्हता. मी अंगठा खोटा दिला, आता मी तो मागं घेनार हाय. मला धरून न्हेलं तर न्हेऊ दे." तिला दम लागला. "पन तू ह्या पोरांसमोर सांग. तू काय बघत व्हतास?"

गाडीचं यंत्र घरघरत होतं. मग ते बंद झालं आणि एकनाथचा आवाज आला. तो मला ओळखूही आला नाही.

"पाखऱ्याची बारी," तो म्हणाला. "फोनमदी. आरशात तू दिसत व्हतीस, काकी. मी बघितलंच न्हाई."

हे झालं मंगळवारी. आज शुक्रवार आहे. तुळजाबाई पोलीस ठाण्यात जायला निघाली आहे आणि नथू तिला गाडी देत नाही. विश्रामभाऊंनी गावाची बैठक बोलावली आहे. एकनाथने गाडी दारात लावून ठेवली आहे, तो घराबाहेर पडलेला नाही. तो ठाण्यात जाईल की नाही, मला माहीत नाही. एकदा फसल्यावर मी आता कुणाचं भाकीत करत नाही. मी अजून गोठ्यातच आहे आणि पाखऱ्या माझ्यात स्वतःला बघून शिंगं हलवतो.

मित्रांनो, मला परत वळणावर टांगा, एवढंच मागून मी थांबणार होतो. पण टांगून तरी काय? बघणाराच बघत नसेल तर वळणावळणावर आरसे लावले तरी ते भिंतीसारखे. दारू प्यालेला ओळखू येतो. फोनमध्ये बुडालेला ओळखू येत नाही, कारण तो आपल्या घरचा असतो, गुणाचा असतो, तुमच्यावर माया करणारा असतो. तुम्ही त्याच्या शेजारी बसलेले असता. तो म्हणतो, "धर जरा," आणि तुम्ही धरता. तेव्हा धरू नका. काका, मामा, बाबा, कुणीही असो, मोठ्याने म्हणा की गाडी थांबवा, मग बघा. तो रागावेल. रागावू द्या.

मी पडलो निर्जीव. मला तोंड नाही, म्हणून माझ्या तोंडाला चिखल फासता आला. तुम्हाला तर बोलता येतं.